अकरा ओळी

आमच्या आईला तिच्या दह्याची वंशावळ तोंडपाठ आहे. सध्यांचें विरजण कोठून आलें असें विचारलें, तर ती सांगेल कीं गेल्या थंडींत पलीकडच्या आळींतल्या वहिनींकडून तें आणलें. वहिनींकडे तें त्यांच्या माहेराहून आलें. आणि माहेरचें मूळ विरजण करंज्याच्या कोणा गुरवाच्या घरचें. शेजारीण वाटी घेऊन दारांत उभी राहिली, तर आई तिला कधीं विन्मुख पाठवीत नाहीं. पण वाटींत चमचाभर दही घालतांना, "हें त्या वहिनींकडचें बरें कां," असें सांगितल्यावांचून तिला राहवत नाहीं. विरजण फुकटच द्यावयाचें असतें. त्याचे पैसे घेणें हा आमच्याकडे हलकेपणा समजतात. मग जी वस्तु फुकट द्यावयाची तिच्या कुळाचा एवढा उच्चार कशाला, असें म्हणून मी अनेक वर्षें आईला हंसत आलों. गेल्या पावसाळ्यापासून मात्र माझें तें हंसणें बंद झालें आहे. त्याची हकीकत सांगावयाची म्हणजे एक कबुली देणें आलें. तरीहि ती सांगितलेली बरी.

आमचें घर सोमेश्वरनगरास आहे. नीरेच्या डाव्या कालव्यावर हिरवा झालेला बारामती तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या दशकांत हा कालवा वाहूं लागला, आणि जेथें बाजरीची वानवा होती तेथें ऊंस उभा राहिला. सहकारी साखर कारखान्याचा भोंगा हें आमचें घड्याळ, आणि गळिताच्या दिवसांत हवेंत पसरणारा मळीचा वास हा आमचा ऋतु. अशा गांवीं संगणकाच्या आज्ञावलींविषयीं कोणी निबंध लिहावा हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आतां तारा आणि बिनतारी लहरी उंसाच्या फडापर्यंत आल्या आहेत, आणि माझा पुतण्या ओंकार पुण्याच्या नोकरीचें काम आठवड्यांतले तीन दिवस आमच्या माडीवर बसूनच करतो.

गांवच्या वाचनालयांतील पुस्तकांची यादी वीसएक वर्षांपूर्वीं कोणीं तरी संगणकावर उतरवून ठेवली होती. ओंकारनें ती उघडली, तेव्हां पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र खुणा यांची नुसती खिचडी दिसली. याचें कारण आजच्या मुलांना ठाऊक नसतें. सर्व भाषांच्या अक्षरांना कायमचे क्रमांक देणारी 'युनिकोड' पद्धति रुळण्यापूर्वीं मराठी अक्षरांचे फॉन्ट करणारा प्रत्येक जण रोमन अक्षरांच्या घरांत आपलीं मराठी अक्षरें आपल्या सोयीनें बसवीत असे. एकाचा 'क' ज्या घरांत, त्याच घरांत दुसऱ्याचा 'ढ'. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावरून गेला कीं मजकूर मुका झालाच. आतां ही यादी बोलती करावयाची, तर कोणत्या घरांत कोणतें अक्षर राहत होतें याचा तक्ता हवा. आणि नुसता तक्ताहि पुरत नाहीं. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधीं, साठविलेली असे. युनिकोडमध्यें ती उच्चाराप्रमाणें अक्षराच्या मागून येते. रफाराचें याच्या उलट. तो अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून मागून टंकलेला असे. नव्या पद्धतींत त्याला पुढें आणून बसवावें लागतें.

ओंकारची ही अडचण ऐकून मीं एक जुनी फाइल शोधून त्याला दिली. २००४ सालच्या सुमारास मी पुण्यांत मराठी मजकुराचीं कामें करणाऱ्या एका लहानशा कंपनींत नोकरीला होतों. त्या वेळची ती फाइल. तींत तो तक्ता होता, आणि वेलांटी व रफार यांना जागेवर बसविणारी शेपन्नास ओळींची आज्ञावलीहि होती. ओंकारनें ती चालवून पाहिली. वाचनालयाची यादी क्षणांत बोलूं लागली. "काका, हें तुम्ही लिहिलेंत?" त्यानें मोठ्या कौतुकानें विचारलें. मीं म्हटलें, "आमच्या वेळचें आहे तें."

हें उत्तर खोटें नव्हतें. परंतु खऱ्या उत्तरापासून वांचण्यासाठीं माणूस जेवढें खरें बोलतो, तेवढेंच तें खरें होतें.

पुढें ओंकारनें त्या फाइलीभोंवतीं एक चांगली आज्ञावली रचली. ज्यांच्यापाशीं असे मुके मजकूर पडून असतील त्या सर्वांना ती मोफत मिळावी म्हणून त्यानें ती मुक्त परवान्याखालीं जाहीर केली, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या भांडाराकडे पाठवून दिली. सोबत कर्त्यांची यादी होती. तिच्यांत पहिलें नांव माझें होतें, दुसरें त्याचें. तें यादींत पाहून मला संकोच वाटला, असें लिहिणें सोयीचें आहे. खरें सांगावयाचें तर मला आनंद झाला, आणि मीं कांहींच बोललों नाहीं.

सहा आठवड्यांनीं भांडाराच्या तपासनिसाचें पत्र आलें. अशा भांडारांचे तपासनीस बहुधा बिनपगारी काम करणारे स्वयंसेवक असतात. पत्र सौम्य होतें. आज्ञावली उपयुक्त आहे. परंतु अमुक एका फाइलीवर कर्त्याचें नांव नाहीं, साल नाहीं आणि परवानाहि नाहीं. शिवाय तिच्यांतल्या बऱ्याच ओळी दुसऱ्या एका जुन्या आज्ञावलीशीं शब्दशः जुळतात. एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूकसुद्धां तीच आहे. ती जुनी आज्ञावली जीपीएल नांवाच्या परवान्याखालीं आहे, आणि आपलें पुडकें तर एमआयटी परवान्याखालीं दिलेलें दिसतें. तरी ही फाइल मूळ कोणाची याचा कृपया खुलासा व्हावा.

ओंकार तें पत्र घेऊन खालीं आला. मी ओसरीवर बसलों होतों. त्यानें पत्र वाचून दाखविलें आणि माझ्याकडे पाहिलें. शुद्धलेखनाची चूक ऐकतांच माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण त्या चुकीची आणि माझी जुनी ओळख होती.

येथें थोडें थांबून, ज्यांचा या विषयाशीं संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'फुकट', 'मोकळें' आणि 'बेवारशी' हे आपल्या भाषेंतले तीन अगदीं निराळे शब्द आहेत. पण संगणकाच्या व्यवहारांत सुशिक्षित माणसेंहि त्यांची गल्लत करतात. रस्त्यावर सांपडलेली छत्री बेवारशी. लग्नांतलें जेवण फुकट. आणि पाणपोई ही मोकळी: ती कोणीं तरी घातलेली असते, तिच्यावर घालणाराचें नांव असतें, कोणींहि प्यावें अशी मुभा असते, आणि रांजणांत हात बुडवूं नये असा नियमहि असतो. मुक्त सॉफ्टवेअर हें या तिसऱ्या जातीचें आहे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याहि कामासाठीं चालवावी, तिचें अंतरंग अभ्यासून तींत बदल करावे, तिच्या प्रती वांटाव्या, आणि सुधारलेली आवृत्तिहि वांटावी, हीं चार स्वातंत्र्यें प्रत्येकाला असावींत, असें या चळवळीचें म्हणणें. परंतु नुसतें म्हणून भागत नाहीं. कायद्यानें लेखकाचा हक्क आपोआप जन्मास येतो. तेव्हां तो हक्क राखूनच लेखकानें लोकांना मुभा द्यावयाची, आणि त्या मुभेचा कागद म्हणजे परवाना. स्टॉलमनच्या परवान्याचें नांव जनरल पब्लिक लायसन्स, संक्षेपानें जीपीएल. त्याची पहिली आवृत्ति १९८९ ची, दुसरी १९९१ ची आणि तिसरी २००७ ची.

जीपीएलची अट विरजणासारखी आहे. माझें विरजण घ्या, दही लावा, विका किंवा वांटा. पण ज्याला तें दही द्याल त्यालाहि त्याचें विरजण करण्याची मोकळीक द्या, आणि दही लावण्याची रीतहि सांगा. म्हणजे घेतलेलें स्वातंत्र्य पुढच्याला नाकारावयाचें नाहीं. मॅसॅच्युसेट्सची तंत्रसंस्था आणि बर्कलीचें विद्यापीठ यांच्या नांवांनीं ओळखले जाणारे परवाने याहून सैल आहेत. ते म्हणतात, काय वाटेल तें करा, बंद पेटींत घालून विकलेंत तरी हरकत नाहीं. आमच्या हक्काचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर तेवढा पुसूं नका. सैल परवान्याचा तुकडा जीपीएलच्या पुडक्यांत नांवासकट नेतां येतो. पण जीपीएलचा तुकडा सैल परवान्याच्या पुडक्यांत घालून सगळ्यावर सैल परवान्याचा शिक्का मारतां येत नाहीं. कालव्याचें पाणी उतारानें शेतांत जातें. शेतांतलें पाणी चढून कालव्यांत जात नाहीं. आमच्या पुडक्यांत नेमकें हें उलटें घडलें होतें, आणि तें मजमुळें घडलें होतें.

आतां २००४ सालची गोष्ट. त्या कंपनींत मला हें अक्षरांतराचें काम दिलें होतें. मुदत आठ दिवसांची. मला तें साधेना. शेवटीं इंटरनेटवर एका अनोळखी माणसानें मोकळी करून ठेवलेली ती फाइल मला सांपडली. तिच्या माथ्यावर अकरा ओळी होत्या: कर्त्याचें नांव, त्याचा पत्ता, साल, जीपीएलच्या दुसऱ्या किंवा पुढच्या कोणत्याहि आवृत्तीप्रमाणें वापरण्याची मुभा, आणि चुका आढळल्यास कळवाव्या अशी विनंति. काम फत्ते झालें. वरिष्ठांनीं तें पाहिलें आणि म्हटलें, "छान. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचें नांव दिसतां कामा नये. वरचें तेवढें काढून टाक." मीं त्या अकरा ओळी निवडल्या आणि एक कळ दाबली. यास किती वेळ लागला असेल? एक क्षण. ती फाइल बंद आज्ञावलींत घालून तबकड्यांवर विकली गेली. कर्त्याच्या शुद्धलेखनाची चूक मात्र मीं दुरुस्त केली नाहीं. कारण ती मला दिसलीच नव्हती. नांव पुसणाराच्या नजरेंतून जें सुटलें, तेंच वीस वर्षांनीं साक्षीला उभें राहिलें.

वरिष्ठांचें नांव मी सांगत नाहीं; आणि त्यांच्यावर दोष ढकलावयाचाहि नाहीं. बोट माझें होतें.

ओंकारला हें सर्व मीं त्याच ओसरीवर सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कर्त्यांच्या यादींत तुमचें नांव आहे तें..." आणि वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानें एवढेंच विचारलें, "मग मी त्यांना उत्तर काय पाठवूं?"

उत्तर पाठविण्यापूर्वीं माझ्या मनानें पुष्कळ वकिली केली, हेंहि नमूद केलें पाहिजे. शेपन्नास ओळी त्या काय! तक्ता म्हणजे वस्तुस्थितीची यादी. तींत स्वामित्व कसलें? कर्त्यानें फुकटच ठेवली होती ना? आणि एवढ्याशा गोष्टीवरून जगांत कोण अडून बसतो? या शेवटच्या प्रश्नाला ओंकारनें एका खऱ्या गोष्टीनें उत्तर दिलें. रुबी या संगणकभाषेंत 'माइममॅजिक' नांवाची एक छोटी आज्ञावली होती. एखादी फाइल चित्राची कीं मजकुराची हें ओळखणें, एवढेंच तिचें काम. ओळखण्याच्या खुणांची यादी तिनें 'शेअर्ड माइम इन्फो' या दुसऱ्या प्रकल्पांतून घेतली होती. ती यादी जीपीएलखालची; माइममॅजिक स्वतःला एमआयटी परवान्याची म्हणवीत असे. मार्च २०२१ मध्यें यादीच्या सांभाळकर्त्यानें ही विसंगति दाखवून दिली आणि माइममॅजिकच्या जुन्या आवृत्त्या मागें घेतल्या गेल्या. 'रेल्स' हा संकेतस्थळें रचण्याचा जगभर वापरला जाणारा सांगाडा तिच्यावर अवलंबून होता. त्यामुळें ज्यांनीं माइममॅजिकचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा असंख्य लोकांचीं कामें अडलीं, आणि कांहीं दिवसांतच रेल्सकर्त्यांना ती वगळून नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. तेथेंहि भांडण एका यादीचेंच होतें.

आणि हा दोष कोणा एका पंथाचा नव्हे. २००७ सालीं बिनतारी जाळ्याच्या एका चालक आज्ञावलीवरून वाद झाला. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालींतील, सैल परवान्याखालची ती आज्ञावली लिनक्समध्यें आणतांना कांहीं जणांनीं मूळ परवान्याचा मजकूर काढून तेथें जीपीएल घालण्याचा घाट घातला. मूळ कर्त्यांनीं हरकत घेतली, आणि प्रकरण वकिलांच्या सल्ल्यानें निस्तरावें लागलें. गंमत अशी कीं त्याच वर्षीं उलटेंहि घडलें होतें. लिनक्समधील एका चालक आज्ञावलीचा जीपीएलखालचा भाग ओपनबीएसडीच्या भांडारांत परवानगीवांचून आलेला आढळला, आणि ती आज्ञावली तेथून काढून टाकण्यांत आली. दोघेहि मुक्ततेचे पुरस्कर्ते, दोघेहि फुकट वांटणारे, आणि दोघांच्याहि घरांत दुसऱ्याची वाटी सांपडली. डेबियन या १९९३ पासून चालत आलेल्या भांडारांत प्रत्येक पुडक्याबरोबर, कोणता भाग कोणाचा आणि कोणत्या अटीवर, याचा लेखी ताळा मागतात, तो उगीच नव्हे.

माझ्या वकिलीच्या बाकीच्या मुद्द्यांना कायद्यानेंच उत्तर दिलें. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतींत गणतो. हक्कासाठीं नोंदणी लागत नाहीं, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतरहि साठ वर्षें तो टिकतो. म्हणून ज्या फाइलीवर परवाना नाहीं ती मोकळी नव्हे. तिचे सर्व हक्क कोणाचे तरी आहेत, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येतें. मीं त्या अकरा ओळी पुसल्या तेव्हां एका माणसाचें नांव तर गेलेंच. पण त्यानें जगाला दिलेली मुभाहि मीं पुसून टाकली. पाणपोईवरची पाटी काढली कीं तहानेलेला वाटसरूसुद्धां रांजणाला हात लावावयास कचरतो. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमांत आणखी एक गोष्ट आहे: लेखकानें आपला हक्क विकून टाकला, तरी ही कृति माझी आहे असें सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशींच राहतो.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पहांटे उठून मी शेतावर गेलों. लागणीचे दिवस होते. शेजाऱ्याच्या मळ्यांतून बेणें आणावयाचें होतें. आमच्याकडे बेणें देण्याघेण्याला पूर्वींपासून मोकळीक आहे, आणि २००१ च्या वाणसंरक्षणाच्या कायद्यानेंहि ती राखली आहे: शेतकऱ्यानें आपल्या शेतांतलें बियाणें ठेवावें, पेरावें, बदलावें, विकावें, संरक्षित वाणाच्या नांवाचा छाप मारून मात्र तें विकूं नये. मी शेजाऱ्याला विचारलें, "कोणतें बेणें?" तो म्हणाला, "शहाऐंशी बत्तीस." हा प्रश्न आणि हें उत्तर मी वर्षानुवर्षें ऐकत आलों; पण त्या दिवशीं तें निराळें ऐकूं आलें. को ८६०३२ या नांवांतला 'को' म्हणजे कोइमतूर, जेथें त्या उंसाचा जन्म झाला. ८६ हें साल, आणि उरलेला त्याचा क्रमांक. नदीपलीकडे फलटण तालुक्यांत पाडेगांवास १९३२ पासून ऊंस संशोधनाचें केंद्र आहे. त्याच्याच शिफारशीनें हा वाण 'नीरा' या नांवानें आमच्या भागांत पसरला. हजारों शेतकऱ्यांनीं एकमेकांच्या बांधावरून बेणें नेलें, पण कोणीं त्याला आपलें नांव दिलें नाहीं. टिपरीला चिठ्ठी चिकटविलेली नसते; तिचें जन्मगांव आणि जन्मसाल लोकांच्या तोंडीं असतें. आमचा अडाणी म्हणविला जाणारा शेतकरी जें विसरला नाहीं, तें शिकलासवरलेला मी पुण्याच्या एका खोलींत विसरलों.

आणि हें शेतापुरतेंच आहे असें नाहीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला. त्यांच्या अंगीं कवित्व कांहीं थोडें नव्हतें; पण त्यांनीं त्या ग्रंथांत आपली ओवी घातली नाहीं. उलट, जो कोणी तशी भर घालील तो अमृताच्या ताटांत नारळाची करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद शेवटीं लिहून ठेवली. पाठ शुद्ध कोणीं केला, कोणत्या शकांत केला, आणि त्यांत काय करूं नये, हें सर्व त्यांच्या त्या ओव्यांत आहे. ओंकारला मीं हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, हा तर परवानाच झाला, फक्त बदल करण्यास मनाई असलेला." आणि मग त्यानें मला जवळचें उदाहरण दिलें. 'लोहित' नांवाची देवनागरीची जी मोकळी अक्षरमाला आज कितीतरी संगणकांवर मराठी दाखविते, ती रेड हॅट कंपनीच्या आश्रयानें मुक्त झाली, आणि पुष्कळ वर्षें पुण्यांतून सांभाळली गेली. आरंभीं ती जीपीएलखालीं होती. परंतु आज्ञावलीचा परवाना अक्षरांना लावला कीं एक विचित्र शंका उभी राहते: पत्रांत हीं अक्षरें गुंफून पाठविलीं, तर पत्रहि त्या परवान्याखालीं गेलें कां? अशा शंका राहूं नयेत म्हणून फॉन्टसाठींच रचलेला 'ओपन फॉन्ट लायसन्स' लोहितनें २०११ मध्यें स्वीकारला. त्या परवान्यांत अशी सोय आहे कीं कर्त्यानें नांव राखून ठेवलें असेल, तर बदललेल्या अक्षरमालेला तें नांव देतां येत नाहीं. देणारे लोकहि नांवाला इतके जपतात, हें पाहून माझी उरलीसुरली वकिली संपली.

माडीवर एक जुनी ट्रंक आहे. तिच्यांत पुण्याच्या नोकरींतल्या तबकड्या मीं ठेवल्या होत्या. दोन दिवस आम्ही काकापुतण्ये त्या एकेक चालवून पाहत होतों. बऱ्याच नासल्या होत्या. तेरावी कीं चौदावी तबकडी फिरली, आणि तिच्यांत ती फाइल सांपडली: मीं इंटरनेटवरून उतरवून घेतली त्या दिवशींची, हात न लागलेली. माथ्यावर अकरा ओळी जशाच्या तशा होत्या. आम्हीं त्या पत्त्यावर पत्र पाठविलें. तें परत आलें. तो पत्ता आतां अस्तित्वांत नाहीं. तो माणूस कोठें आहे, आहे कीं नाहीं, हें मला कळावयाचें साधन उरलें नाहीं. त्याची परवानगी घेऊन फाइल सैल परवान्याखालीं आणण्याचा मार्ग त्यामुळें बंद झाला. मग दोनच वाटा राहिल्या. तो भाग काढून टाकून सर्व नव्यानें लिहावयाचा, किंवा सगळें पुडकें त्या माणसाच्या अटीवर, जीपीएलखालीं, द्यावयाचें. नव्यानें लिहिणें ओंकारला अवघड नव्हतें. पण तो म्हणाला, "त्यांनीं मुभा दिलीच आहे कीं. आपण ती नाकारावी कशाला?" त्यानें दुसरी वाट धरली.

कर्त्यांच्या यादींत आतां पहिलें नांव त्या अनोळखी माणसाचें आहे. माझें नांव ओंकारनें मला विचारून काढून टाकलें. अकरा ओळी फाइलीच्या माथ्यावर परत बसविल्या. शुद्धलेखनाची चूकहि आम्हीं तशीच राहूं दिली.

मला वाटलें, हें प्रकरण येथें मिटलें. पण रात्रीं परवाना सावकाश वाचीत असतां ओंकार म्हणाला, "काका, आणखी एक कलम आहे." जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तींत अशी अट आहे कीं ज्यानें फाइलींत बदल केला असेल, त्यानें आपण बदल केल्याची ठळक नोंद तारखेसह तिच्यांत करावी. ओंकारनें संगणक माझ्याकडे वळविला आणि तो खालीं निघून गेला. मीं बाराव्या ओळीपासून लिहिलें: अमक्यानें, म्हणजे मीं, २००४ सालीं या फाइलीच्या माथ्यावरील अकरा ओळी काढून टाकल्या होत्या; त्या आज परत बसविल्या आहेत. खालीं पूर्ण नांव आणि तारीख घातली.

पुडकें स्वीकारलें गेल्याचें पत्र महिनाभरानें आलें. माझें नांव असलेली ही पहिली आणि बहुधा शेवटची फाइल. आणि तें नांव तेथें कर्ता म्हणून नाहीं. २००४ सालच्या त्या तबकड्या कोणकोणाच्या कपाटांत पडून असतील, त्यांना मात्र आतां माझा हात पोंचत नाहीं.

काल सकाळीं शेजारीण विरजण न्यावयास आली. आई देवपूजेंत होती, म्हणून मीच वाटींत दही घातलें. ती वळली तेव्हां मी म्हणालों, "हें पलीकडच्या आळींतल्या वहिनींकडचें बरें कां, आणि त्यांच्याकडे तें त्यांच्या माहेराहून आलेलें." देवघरांतली घंटा मध्येंच थांबली. मग ती पुन्हां वाजूं लागली.